धागा: १५ जणांच्या विखुरलेल्या टीमसाठी व्हिडिओ मीटिंगचं साधन कोणतं घ्यावं?

कर्दळी

सॉफ्टवेअर चाचणी करणारी १५ जणांची टीम आहे. सहाजण पुण्याच्या ऑफिसात, बाकीचे नाशिक, सांगली, कुडाळ आणि बेळगावहून घरून काम करतात. रोज सकाळी २० मिनिटांची मीटिंग, आठवड्यातून दोनदा लंडनच्या ग्राहकाबरोबर आणि एकदा न्यू जर्सीच्या ग्राहकाबरोबर तासाभराची. स्क्रीन शेअर जवळजवळ रोज लागतं. रेकॉर्डिंग फक्त ग्राहकांच्या मीटिंगचं.

सध्या कधी झूम, कधी मीट असा कारभार आहे. एकच काहीतरी ठरवायचं आहे. प्रश्न असे:
१. मोफत खात्यांवर भागेल का? नाही तर पैसे नेमके कशाचे मोजायचे?
२. जित्सी (मुक्तस्रोत, मोफत मीटिंग साधन) स्वतःच्या सर्व्हरवर बसवणं एवढ्या टीमला परवडतं का?
३. कुडाळच्या दोघांचा आवाज सारखा तुटतो. साधन बदललं तर फरक पडेल का?

---

वेळूबन

पहिल्या प्रश्नापुरतं. मोफत खात्यांच्या मर्यादा अशा:

झूम: ४० मिनिटं, १०० जण. २०२२ पासून दोघांच्या मीटिंगलाही हीच ४० मिनिटांची मर्यादा आहे.
गूगल मीट: तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं, १०० जण. दोघांसाठी २४ तास.
मायक्रोसॉफ्ट टीम्स: ग्रुप मीटिंग ६० मिनिटं, १०० जण.
स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, तो विषयच संपला.

म्हणजे रोजच्या २० मिनिटांसाठी तिन्हींपैकी काहीही मोफत चालेल. अडचण ग्राहकांच्या मीटिंगची. झूमवर ४० मिनिटांनी सगळे बाहेर पडतात. मीटवर ५५व्या मिनिटाला सूचना येते आणि ६०व्याला मीटिंग संपते, आणि तासाची मीटिंग बरोबर तासात संपत नाही. शेवटच्या पाच मिनिटांतच 'कोण काय करणार' हे ठरतं, नेमकं तेच कापलं जातं.

आणखी एक: पैसे १५ जणांचे भरायची गरज नाही. झूममध्ये मर्यादा होस्टच्या (मीटिंग लावणाऱ्याच्या) परवान्यावर ठरते. ग्राहकांच्या मीटिंग जे एक-दोघे लावतात त्यांच्यापुरता परवाना घ्या, बाकीचे मोफत खात्यावरून येतील. मात्र एका परवान्यावर एकाच वेळी दोन मीटिंग चालवायच्या भरीला पडू नका. दोन होस्ट, दोन परवाने.

---

जाळेविणकर

वेळूबन यांच्या यादीशी सहमत, पण निवड त्या यादीवरून करू नका. १५ जणांसाठी तिन्ही साधनं पुरेशी चांगली आहेत. निवड ठरते ती दोन कडांवर: ग्राहकाच्या ऑफिसातलं फायरवॉल (नेटवर्कची ये-जा अडवणारी यंत्रणा) आणि तुमच्या टीममधलं सगळ्यांत कमजोर कनेक्शन. मधल्या तेरा जणांना काहीही चालतं.

म्हणून आधी दोन्ही ग्राहकांच्या आयटी विभागाला साधा मेल टाका: 'तुमच्या नेटवर्कवरून बाहेरच्या कोणत्या मीटिंग चालतात? ॲप न बसवता ब्राउझरमधून येता येतं का?' मोठ्या कंपन्यांत बाहेरचं ॲप बसवायची परवानगी बऱ्याचदा नसते. मग सगळी भिस्त ब्राउझरवर. झूममध्ये 'ब्राउझरमधून सामील व्हा' ही लिंक दिसावी म्हणून होस्टच्या वेब सेटिंगमध्ये तो पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर पाहुण्याला ॲप उतरवायचा आग्रहच होत राहतो. मीट मुळातच ब्राउझरमध्ये चालतं. टीम्सही ब्राउझरमधून चालतं, पण पाहुणा लॉबीत थांबतो आणि कोणीतरी त्याला आत घ्यावं लागतं.

ग्राहक स्वतः टीम्स वापरत असेल तर त्यांच्या मीटिंग त्यांनाच लावू द्या. तुम्ही पाहुणे म्हणून जा. तुमचा परवान्याचा खर्च वाचतो आणि त्यांचं फायरवॉल त्यांचं ते बघतात. रेकॉर्डिंग मात्र त्यांच्याकडे राहतं, ते मागून घ्यायचं हे आधी बोलून ठेवा.

फायरवॉलचं कारण थोडक्यात. आवाज आणि चित्र यूडीपी या पद्धतीने जातं. एखादं पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं तर ते सोडून पुढे जायचं, अशी ती पद्धत. यूडीपी बंद असेल तर साधन टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवर, ४४३ क्रमांकाच्या दारावर उतरतं. टीसीपी हरवलेलं पाकीट परत मागवतं आणि ते येईपर्यंत मागची सगळी अडकून राहतात. मीटिंग लागते, चित्र दिसतं, पण बोलणं दोन-तीन सेकंद मागे पडत जातं आणि लोक एकमेकांवर बोलू लागतात. 'लागतंय तर खरं, पण धड बोलता येत नाही' अशी तक्रार आली की आधी हेच तपासायचं. बाहेर जाणारी ही दारं (पोर्ट) उघडी हवीत: झूमसाठी यूडीपी ८८०१ ते ८८१०, टीम्ससाठी यूडीपी ३४७८ ते ३४८१, मीटसाठी यूडीपी ३४७८. पुण्याच्या ऑफिसच्या राउटरवरही बघून घ्या.

---

खटपट्या_मिरज

तिसरा प्रश्न. साधन बदलून फरक पडेल, पण थोडाच. आधी आवाज कुठे तुटतो ते शोधा. एक तासाचं काम आहे.

पहिली पायरी: मीटिंग चालू असतानाच आकडे बघा. झूममध्ये सेटिंगमधल्या 'स्टॅटिस्टिक्स' पानावर, टीम्समध्ये 'कॉल हेल्थ'मध्ये, मीटमध्ये तीन टिंबांखालच्या 'ट्रबलशूटिंग'मध्ये. तीन गोष्टी हव्यात: जाऊन-येऊन लागणारा वेळ १०० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (पाकिटं येण्याच्या वेळेतला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत, पाकिटांची गळती १ टक्क्याच्या आत. स्पीड टेस्टचा मोठा आकडा इथे कामाचा नाही. १०० एमबीपीएसची लाइन ५ टक्के पाकिटं गळत असेल तर आवाज तुटणारच, आणि ४ एमबीपीएसची स्वच्छ लाइन मीटिंग छान चालवते.

दुसरी पायरी: एका खिडकीत स्वतःच्या राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१) आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला (गूगलचा सार्वजनिक सर्व्हर) पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) लावून ठेवा, दोन्हीकडे किमान १०० वेळा. राउटरपर्यंतच वेळ ३ वरून २०० वर उड्या मारत असेल तर दोष घरातल्या वायफायचा. राउटरपर्यंत स्थिर आणि बाहेर गळती असेल तर दोष लाइनचा. तो आकडा स्क्रीनशॉटसह नेट देणाऱ्याकडे तक्रारीत लावा. नुसतं 'नेट स्लो आहे' म्हटलं की तो राउटर बंद-चालू करायला सांगतो आणि तक्रार मिटवतो.

वायफायचा दोष निघाला तर: लॅपटॉपला कॅट ५ई किंवा कॅट ६ ची केबल लावा, ती १० मीटरची असली तरी बिघडत नाही. केबल शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झवर जा, पण जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फार पोचत नाही. तिथे २.४ वरच राहून चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो हाताने निवडा. राउटर 'ऑटो'वर असला की भर मीटिंगमध्ये चॅनल बदलू शकतो.

राउटर ठीक, लाइन ठीक आणि तरीही ठरावीक वेळी तुटतं? मग घरात त्या वेळी कोण अपलोड करतंय ते बघा. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर जाऊ लागले की अपलोडची रांग भरते आणि मीटिंगची पाकिटं त्या रांगेत शेवटी उभी राहतात. पिंग ३० वरून ८०० वर जातं आणि फोटो संपले की आपोआप खाली येतं. उपाय: बॅकअप रात्रीवर टाका. राउटरमध्ये एसक्यूएमची (डेटाची रांग आखूड ठेवण्याची) सोय असेल (ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर असते) तर ती चालू करून वेग लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. रांग मग नेट देणाऱ्याच्या यंत्रात न भरता तुमच्या राउटरमध्ये राहते आणि राउटर मीटिंगच्या छोट्या पाकिटांना लगेच वाट देतो.

---

कर्दळी

@खटपट्या_मिरज, फार उपयोगी. कुडाळच्या दोघांपैकी एकजण पूर्णपणे मोबाइल डेटावर आहे, रोजचं दीड जीबीचं पॅक. त्याला किती पुरेल?

---

खटपट्या_मिरज

हिशेब सोपा आहे. १ एमबीपीएस तासभर चालला की ४५० एमबी जातात. झूमच्या ग्रुप मीटिंगमध्ये साध्या चांगल्या चित्रासाठी वर (अपलोड) १ एमबीपीएस आणि खाली (डाउनलोड) ०.६, असे मिळून १.६. म्हणजे तासाला ७२० एमबी. ७२० पी (जास्त स्पष्ट) चित्र चालू केलं तर वर २.६, खाली १.८, म्हणजे तासाला जवळजवळ २ जीबी. दीड जीबीचं पॅक तासाच्या आत संपतं.

त्याने स्वतःचा कॅमेरा बंद आणि येणारं चित्रही बंद ठेवलं (झूममध्ये 'स्टॉप इनकमिंग व्हिडिओ', मीटमध्ये 'ऑडिओ ओन्ली') तर आवाज दोन्ही बाजूंनी मिळून १६० केबीपीएस आणि शिवाय शेअर केलेली स्क्रीन. तासाला १५० एमबी धरून चला. फक्त स्वतःचा कॅमेरा बंद केला तर अपलोड वाचतो, बाकी चौदांची चित्रं येतच राहतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

स्क्रीन शेअर करणाऱ्यानेही काळजी घ्यायची: 'व्हिडिओ क्लिपसाठी ऑप्टिमाइझ करा' ही खूण काढून ठेवा. ती असली की स्थिर एक्सेलसुद्धा व्हिडिओसारखं पाठवलं जातं, डेटा वाढतो आणि अक्षरं धूसर होतात.

---

निवडुंग

जित्सीबद्दल. मी स्वतःच्या सर्व्हरच्या बाजूचा आहे, पण डोळे उघडे ठेवून.

जित्सीच्या meet.jit.si या सार्वजनिक पत्त्यावर ऑगस्ट २०२३ पासून खोली उघडणाऱ्याला गूगल, गिटहब किंवा फेसबुकने लॉगिन करावं लागतं. बाकीच्यांना नाही. तुमच्या रोजच्या २० मिनिटांना तेवढं पुरतं, सर्व्हर घ्यायचीही गरज नाही.

स्वतःचा सर्व्हर घ्यायचा तर डेबियन किंवा उबुंटू (लिनक्सचे प्रकार), ४ कोर, ८ जीबी रॅम, स्थिर सार्वजनिक आयपी, स्वतःचं डोमेन. सर्व्हर मुंबईतला घ्या. बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत एका दिशेने १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला की संभाषणात अडखळणं सुरू होतं, आणि नाशिक ते सांगली हा आवाज युरोपातून फिरवून आणण्यात अर्थ नाही. पॅकेज बसवताना डोमेन विचारतं, तिथे आयपी टाकू नका. सुरक्षा प्रमाणपत्र त्या डोमेनच्या नावाने घेतलं जातं आणि प्रमाणपत्राशिवाय ब्राउझर माइक-कॅमेरा देत नाही.

दारं: टीसीपी ८० आणि ४४३, यूडीपी १००००. क्लाउडवर ही दोन ठिकाणी उघडावी लागतात, एकदा क्लाउडच्या नियंत्रण पानावर आणि एकदा सर्व्हरच्या आतल्या फायरवॉलमध्ये. एकच उघडलं की हमखास दिसणारा प्रकार असा: दोघे असेपर्यंत मीटिंग सुरेख चालते, तिसरा आला की सगळ्यांचा आवाज आणि चित्र जातं, तिसरा गेला की परत येतं. कारण, दोघे असताना जित्सी सर्व्हरला बाजूला ठेवून त्यांना थेट जोडतं. तिसरा आला की सगळं व्हिडिओब्रिजकडे (सगळ्यांचे आवाज-चित्र वाटून देणारा जित्सीच्या सर्व्हरचा भाग) वळतं, म्हणजे यूडीपी १०००० वर, आणि ते बंद. चाचणी म्हणून नेहमी तीन वेगळ्या नेटवर्कवरून तीन यंत्रं जोडून बघा. दोघांच्या चाचणीवर 'झालं' म्हणू नका. यूडीपी उघडं असूनही हाच प्रकार असेल तर सर्व्हर नॅटमागे आहे, म्हणजे त्याचा आतला आयपी बाहेरच्या आयपीपेक्षा वेगळा आहे. ब्रिजच्या सेटिंगमध्ये आतला आणि बाहेरचा असे दोन्ही आयपी लिहून द्यावे लागतात.

आता खर्च. सगळ्यांचे कॅमेरे चालू, प्रत्येकाला सरासरी ३ एमबीपीएस धरला तर १५ जणांना सर्व्हरमधून ४५ एमबीपीएस बाहेर जातो. तासाला साधारण २० जीबी. बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे पैसे लावणाऱ्या क्लाउडवर हे बिल सर्व्हरच्या भाड्यापेक्षा जास्त होऊ शकतं. डेटा भाड्यातच देणारा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) बघा.

रेकॉर्डिंगसाठी जिब्री (जित्सीचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) वेगळं बसवावं लागतं आणि एक जिब्री एका वेळी एकच मीटिंग रेकॉर्ड करतं. ते आत एक अख्खा क्रोम चालवून त्याचा पडदा टिपतं, म्हणून त्याला वेगळं यंत्र द्या. ब्रिजच्याच यंत्रावर टाकलं तर रेकॉर्डिंग सुरू करताच सगळ्यांचा आवाज अडखळतो.

---

जाळेविणकर

@निवडुंग यांचं तंत्र अचूक आहे, पण कर्दळींच्या टीमला मी स्वतःचा सर्व्हर सुचवणार नाही. संध्याकाळी सात वाजता न्यू जर्सीचा ग्राहक बाहेर ताटकळतोय आणि सर्व्हर बसला, तर तो उठवणारं माणूस त्या घडीला ठरलेलं हवं. असं माणूस टीममध्ये नसेल तर महिन्याचा वाचलेला खर्च एका मीटिंगमध्ये जातो. ग्राहकाच्या फायरवॉलला तुमचं अनोळखी डोमेन चालेल याचीही खात्री नाही.

---

निवडुंग

ग्राहकांच्या मीटिंगपुरतं मान्य. आतल्या मीटिंगना मात्र जित्सीच योग्य असं माझं मत कायम. चाचणीच्या कामात ग्राहकाचं प्रसिद्ध न झालेलं सॉफ्टवेअर स्क्रीनवर असतं. ते कोणाच्या यंत्रातून जातं हे आपल्या हातात असणं मोलाचं आहे.

---

सायलीची_वही

रेकॉर्डिंगवर कोणी लिहिलं नाही, आणि पैसे मोजायचं खरं कारण तेच आहे.

गूगल वर्कस्पेसच्या (मीट ज्यात येतं त्या पैशांच्या योजनेच्या) बिझनेस स्टार्टरमध्ये रेकॉर्डिंग नाही. ते बिझनेस स्टँडर्डपासून मिळतं (१५० जण). स्टार्टर घेऊन नंतर कळणारे बरेच असतात. फाइल मीटिंग लावणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाते, तो माणूस नोकरी सोडून गेला आणि खातं पुसलं की फाइलही जाते. आधी शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवा.
टीम्समध्ये फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर जाते आणि मुदत बदलली नसेल तर १२० दिवसांनी आपोआप कचऱ्यात जाते. वर्षभर लागणारी असेल तर मुदत हाताने काढा.
झूमच्या मोफत खात्यात रेकॉर्डिंग फक्त कॉम्प्युटरवर होतं, फोनवरून नाही. मीटिंग संपल्यावर फाइल बदलून तयार होईपर्यंत लॅपटॉप मिटू नका. मिटला तर अर्धवट फाइल राहते, ती त्याच फोल्डरमध्ये पुन्हा उघडून रूपांतर पूर्ण करावं लागतं.

झूममध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू केलं तर क्लाउड रेकॉर्डिंग आणि फोनवरून डायल करून येणं दोन्ही बंद होतं. दोन्ही एकदम हवं असेल तर मिळणार नाही, आधीच ठरवा.

आणि रेकॉर्ड करण्याआधी विचारा. पडद्यावर लाल टिंब दिसतं म्हणजे संमती झाली असं धरू नये. मीटिंगच्या निमंत्रणातच एक ओळ लिहा: रेकॉर्डिंग होईल, कशासाठी, किती दिवस ठेवू. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, लंडनच्या ग्राहकाकडे त्यांचा जीडीपीआर (डेटा संरक्षणाचा कायदा) आहे. दोन्हीकडे हा लेखी उल्लेख उपयोगी पडतो.

अवांतर: किमती बघताना १८ टक्के जीएसटी धरा आणि खातं उघडतानाच कंपनीचा जीएसटी क्रमांक भरा. जुन्या बिलांवर तो नंतर चढवून घेणं त्रासाचं होतं.

---

वेळूबन

पुण्याचे सहाजण एकाच खोलीतून येतात का? तसं असेल तर आवाज घुमण्याचं कारण तिथे असेल. प्रत्येक लॅपटॉप फक्त स्वतःच्या स्पीकरमधून गेलेला आवाज माइकमधून वजा करू शकतो. शेजारच्या लॅपटॉपच्या स्पीकरची त्याला माहिती नसते. त्यामुळे पाचांनी माइक म्यूट केले तरी त्यांच्या स्पीकरचा आवाज सहाव्याच्या माइकमध्ये जातो आणि लंडनला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येतं. खोलीत आवाज एकाच यंत्राला जोडा, टेबलाच्या मधोमध यूएसबी स्पीकरफोन ठेवा आणि बाकीच्यांनी ऑडिओ न जोडता यायचं. मीटमध्ये त्यासाठी 'कंपॅनियन मोड' आहे, टीम्समध्ये 'डोन्ट यूज ऑडिओ'.

घरून येणाऱ्यांना वायरचे हेडसेट द्या. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो गाणी ऐकायची पद्धत सोडून फोनच्या पद्धतीवर जातो आणि दोन्हीकडचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. ब्लूटूथच वापरायचा असेल तर सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, हेडसेट फक्त ऐकण्यासाठी.

---

रानजाई

एक गोष्ट कॅलेंडरची. न्यू जर्सीचे सकाळचे ९:३० म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे ८, उन्हाळ्यात ७. अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत येताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या दिवसांत लंडन आणि न्यू जर्सी यांच्यातलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं होतं. निमंत्रण ग्राहकाच्या टाइमझोनमध्ये लावा, म्हणजे वेळ आपल्याकडे सरकते, त्यांच्याकडे नाही.

---

कर्दळी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही ग्राहकांना मेल केला. लंडनचे टीम्स वापरतात आणि मीटिंग तेच लावतील. न्यू जर्सीवाल्यांकडे मीट ब्राउझरमधून चालतं, त्यासाठी बिझनेस स्टँडर्डचा एक परवाना घेतोय. आतल्या मीटिंग महिनाभर सार्वजनिक जित्सीवर करून बघू.

शेवटचा प्रश्न: कुडाळच्या दुसऱ्याकडे फायबर आहे, पण लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही राउटर बंद होऊन परत सुरू होतो आणि तीन मिनिटं जातात. मिनी यूपीएस कोणता बघायचा?

---

खटपट्या_मिरज

इन्व्हर्टर पलटायला जो क्षण घेतो तेवढ्यात राउटर पडतो, म्हणून मिनी यूपीएस इन्व्हर्टर असतानाही हवाच.

आधी ॲडॉप्टरवरची अक्षरं वाचा. बहुतेक ओएनटी (फायबरची लाइन ज्या डब्यात येते तो) १२ व्होल्टचे असतात, पण ५ किंवा ९ व्होल्टचेही येतात. चुकीचा व्होल्ट लावला तर यंत्र जळतं. अँपिअर मात्र लिहिलेल्यापेक्षा जास्त चालतात, कमी नाही. १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलं असेल तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा घ्या. ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना पुरेल असा दोन पिनांचा.

यूपीएसच्या डब्यावरचे एमएएच (बॅटरीची क्षमता) आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, १२ व्होल्टचे नव्हेत. ८००० एमएएच म्हणजे जवळपास ३० वॉट-तास. वाटेतली घट सोडून २५ धरा. ओएनटी आणि राउटर मिळून १० वॉट घेत असतील तर अडीच तास.

गावातल्या केबलवाल्याच्या खांबावरच्या यंत्राचीच लाइट गेली तर घरातला यूपीएस काही करू शकत नाही. ओएनटीवर लाल दिवा लागला तर बहुधा तेच झालं असं समजायचं. त्यासाठी फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपमध्ये आधीच जोडून सेव्ह करून ठेवा, आणि त्यावर गेलं की लगेच येणारं चित्र बंद करा.